अर्ध्या वाटेवरून

आमच्या घरी अद्याप चूल एकच आहे. थोरले बंधू, मी, धाकटे बंधू, आमची मुले, सुना आणि नातवंडे मिळून पंधरा-सोळा माणसे रात्रीच्या पंक्तीस बसतात. आणि दिवसभरात ज्याला जे दिसले, सुचले वा खुपले ते त्या पंक्तीत सर्वांसमक्ष बोलून मोकळे व्हावे, अशी वडिलांच्या वेळेपासूनची वहिवाट आहे. या वहिवाटीचे गुण पुष्कळ आहेत. परंतु पंक्तीत बोललेला शब्द पंधरा माणसांच्या कानांवर पडतो, आणि तो चुकीचा असला तर एकाच्या कानात पुटपुटून त्याचे परिमार्जन होत नाही, हे मला दोन वर्षांपूर्वीच्या कार्तिकात कळले. ती हकीकत सांगण्याकरिता हा लेख लिहीत आहे. तीत माझी फजिती आहे. तथापि ज्यांच्या घरची मुले-मुली हल्ली चार दिवसांची रजा मिळताच हिमालयाकडे धाव घेतात, अशा वडील मंडळींस तिचा थोडाबहुत उपयोग होईल, अशी आशा आहे.

मी जुना मॅट्रिक. पुढे पाठशाळेत व्याकरण व काव्य शिकलो आणि पस्तीस वर्षे हायस्कुलात मुलांना संस्कृत शिकविले. हिमालय मी पाहिला तो कालिदासाच्या डोळ्यांनी. कुमारसंभवाचा पहिला सर्ग मुखोद्गत असल्यामुळे त्या पर्वताविषयी जे कळावयाचे ते आपणांस कळले आहे, अशी माझी प्रामाणिक समजूत होती. प्रत्यक्ष बर्फ म्हणाल तर लग्नकार्यात सरबताच्या पिंपात पाहिले असेल तेवढेच.

माझ्या धाकट्या बंधूंची कन्या मात्र निराळी निघाली. लहानपणी सुट्टीत किल्ले चढणारी ही मुलगी पुढे हरिश्चंद्रगडाच्या नळीच्या वाटेने जाऊन आली, पुण्यास अभियंत्याची नोकरी धरल्यावर हिमालयातील एका संस्थेत गिर्यारोहणाचा प्राथमिक वर्गही तिने पुरा केला. दोन वर्षांपूर्वी, ऑक्टोबरच्या अखेरीस, पाच सोबती घेऊन ती रुपिन खिंडीस गेली. ही खिंड सुमारे ४,६५० मीटर उंचीवर आहे. उत्तराखंडातील धौला गावाकडून चढावयाचे आणि हिमाचलातील सांगल्याकडे उतरावयाचे, असा तिचा मार्ग. खिंडीच्या ऐन तोंडाशी दोन्ही बाजूंच्या कड्यांमध्ये सापडलेली एक उभी, हिमाने भरलेली नाळ चढून जावी लागते.

ती परत आली त्या रात्री वहिनींनी शिरा केला होता. पंक्तीत मीच विचारले, "मग, ओलांडलीस का खिंड?"

"नाही काका. दोन-अडीचशे मीटर चढायचे राहिले होते, तिथून फिरलो."

"हवा बिघडली?"

"नाही. स्वच्छ ऊन होते."

"बर्फ फार होते?"

"फार नव्हते. गुडघाभर."

झाले! माझ्यातला शिक्षक जागा झाला. भर्तृहरीने नीतिशतकात माणसांचे तीन वर्ग केले आहेत: विघ्नांच्या भयाने आरंभच न करणारे ते नीच, आरंभ करून विघ्न येताच थांबणारे ते मध्यम, आणि पुनःपुन्हा विघ्ने आली तरी हाती घेतलेले न सोडणारे ते उत्तम. हा श्लोक मी पस्तीस वर्षे शिकविला. तो मी पंक्तीत खणखणीत आवाजात म्हटला आणि वर म्हणालो, "स्वच्छ ऊन, गुडघाभर बर्फ आणि दोनशे मीटर चढ, भर्तृहरीच्या मते तू मध्यम ठरलीस बरे का!" मुले हसली. तिच्या आईने मान खाली घातली. ती स्वतः काही बोलली नाही. ताकभात संपविला आणि उठली.

हात धुण्यास गेलो तेव्हा वहिनी मोरीपाशी उभ्या होत्या. हलक्या आवाजात त्यांनी मला विचारले, "भावोजी, पोरगी धडधाकट घरी आली, हे तुमच्या श्लोकात कुठे बसते?" मला उत्तर सुचले नाही, आणि त्या रात्री झोपही नीट लागली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती माझ्या खोलीत आली. चेहऱ्यावर राग नव्हता. म्हणाली, "काका, तुमच्या कंपासपेटीतला कोनमापक द्या आणि स्वयंपाकघरात चला. तुम्हांला एक गंमत दाखवते."

स्वयंपाकघरात तिने एक लाकडी पाट घेऊन त्यावर ओला पंचा घट्ट ताणून बसविला. "ही डोंगराची जमीन." पंच्यावर तिने साखरेचा बोटभर थर पसरला, वहिनींनी साखरेचा डबा उचलून घेतला, पण उशीर झाला होता. साखरेवर तिने तांदळाच्या उकडीचा लाटलेला थर अलगद ठेवला. मग एका दोऱ्याला सुपारी बांधून ओळंबा केला, कोनमापक माझ्या हाती दिला आणि पाटाची एक बाजू हळूहळू उचलू लागली. वीस अंश झाले, पंचवीस झाले. काही हालले नाही. तिशीच्या पुढे गेल्यावर तिने उकडीच्या कडेला बोटाचे टोक टेकविले मात्र, सबंध थर एकदम, अखंड, जसाच्या तसा सरकला आणि ओट्यावर जाऊन पडला. नंतर तिने पाट पुसला, साखर गाळून उकड थेट ओल्या पंच्यावर थापली आणि तोच प्रयोग पुन्हा केला. या खेपेस पंचेचाळीस अंशांपर्यंत पाट उचलला तरी उकड जागची हालली नाही.

"हे अर्थात खेळणे आहे," ती म्हणाली, "पण बर्फ किती आहे हे विचारू नये, खाली काय आहे हे विचारावे, एवढे यातून कळते. आमच्या पायांखाली साखर होती, काका."

मग तिने जे समजावून सांगितले आणि पुढे काही महिने मी पुस्तके आणून व लोकांस विचारून जे पडताळून पाहिले, ते माझ्या शब्दांत सांगतो.

हिमवृष्टीचा हंगाम सुरू होताना, म्हणजे आपल्या आश्विन-कार्तिकात, उंच डोंगरावर पहिले हिम पडते. ते थोडे असते. त्यानंतर पुष्कळदा दहा-पंधरा दिवस आकाश निरभ्र राहते. प्रवाशाला हे दिवस फार आवडतात. परंतु याच दिवसांत त्या पातळ हिमात आतल्या आत बिघाड होत असतो. जमिनीत उन्हाळ्याची ऊब उरलेली असल्यामुळे तळाचे हिम बहुधा शून्य अंशाच्या आसपास असते. उलट निरभ्र रात्री वरचा पृष्ठभाग शून्याखाली दहा-पंधरा अंशांपर्यंत उतरतो. हिम गळाभर साचले असते तर हा फरक लांब अंतरावर वाटला गेला असता. पण ते हातभरच असल्यामुळे थोड्याशा जाडीत मोठा फरक पडतो. दर दहा सेंटिमीटरांमागे एक अंशाहून अधिक फरक पडला की तळाच्या उबेतील बाष्प हिमातून वर चढू लागते, आणि वाटेतील कणांवर नव्याने गोठून त्यांचे रूप पालटून टाकते. मऊ, एकमेकांना धरून राहणारे कण नाहीसे होतात आणि त्यांच्या जागी टोकदार, सुटे, दाणेदार स्फटिक तयार होतात. मुठीत घेतले तर त्यांचा लाडू वळत नाही. बोटांतून साखरेसारखे ओघळतात.

पुढे दुसरी हिमवृष्टी होते. वाऱ्याने ते नवे हिम डोंगराच्या आडोशाच्या बाजूस आणि नाळांमध्ये नेऊन लोटले म्हणजे तेथे त्याची घट्ट पापडी बनते. आकाशातून पडणाऱ्या हिमापेक्षा वाऱ्याने लोटलेले हिम कित्येक पट वेगाने साचते. म्हणून मैदानात वीतभर हिम असले तरी नाळेत कमरेइतके असू शकते. झाली मांडणी पुरी: खाली साखर, वर पापडी, आणि उतार तीस ते पंचेचाळीस अंशांचा. याहून कमी उतारावर पापडी सहसा सुटत नाही. याहून फार उभ्या कड्यावर हिम साठूनच राहत नाही, थोडे थोडे झडून जाते. घातक उतार तोच, जो माणसाला चढण्याजोगा वाटतो. अशा वेळी एका माणसाच्या पायाचा भार पुरतो. खालचा साखरेचा थर त्या जागी खचतो, तो खचणे आडवे पसरत जाते, आणि पळणाऱ्या माणसाच्या कितीतरी पुढे भेग निघून जाते. पापडीत सापडणाऱ्यांपैकी दहातील नवांच्या बाबतीत ती सोडविणारे पाऊल त्यांचे स्वतःचे वा त्यांच्याच सोबत्याचे असते, असे या विषयाचे अभ्यासक सांगतात.

"गुडघाभरच बर्फ ना?" या माझ्या प्रश्नाचे उत्तर मी स्वतः गणित करून काढले. वीस मीटर लांब, वीस मीटर रुंद आणि अर्धा मीटर जाड एवढीच पापडी सुटली असे धरा. घनफळ दोनशे घनमीटर. घनमीटरास दोनशे किलो धरले तरी वजन चाळीस टन झाले. कोरड्या हिमाचा असा लोट ताशी शंभर किलोमीटरांहून अधिक वेगाने जाऊ शकतो, आणि थांबल्याबरोबर घट्ट आवळून बसतो. आत सापडलेल्यास बोटही हालविता येत नाही. त्यातून हंगामाच्या आरंभी हिम पातळ असल्यामुळे खडक उघडेच असतात, आणि वाहून जाणारा माणूस त्यांवर आपटतो. थोडे हिम म्हणजे थोडा धोका, हा सिद्धांत माझा, निसर्गाचा नव्हे.

येथे संस्कृतच्या शिक्षकास एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. अमरकोशात हिमाला अवश्याय, नीहार, तुषार, तुहिन, हिम, प्रालेय आणि मिहिका अशी सात नावे दिली आहेत, आणि साचलेल्या हिमराशीला हिमानी म्हटले आहे. पण ती राशी सुटून खाली येते या घटनेस तेथे नाव नाही. आपण अलीकडे तिला हिमस्खलन म्हणतो. हा शब्द मला पूर्वी बेताचाच वाटे. एवढी प्रचंड वस्तू कोसळते, आणि तिला स्खलन म्हणावयाचे? स्खलन म्हणजे चालता चालता पाय घसरणे, बोलता बोलता जीभ अडखळणे. ओट्यावर पडलेली ती उकड पाहिल्यावर मला शब्दाची योग्यता पटली. ते कोसळत नाही, ते घसरतेच. आणि जिभेचे स्खलन म्हणजे काय, हे तर मी आदल्या रात्रीच दाखविले होते.

मग मी तिला विचारले, "परत फिरायचे कसे ठरले?"

तिने सांगितले ते असे. खिंडीखालच्या तळावर पोहोचण्यापूर्वी, सपाट कुरणावरून चालताना, पायांखालून 'धप्प' असा दबका आवाज आला. भरलेल्या पोत्यावर कोणी एकदम बसावे तसा. त्याबरोबर हिमात एक बारीक भेग लांबवर धावत गेली. जागा सपाट होती म्हणून काही झाले नाही. बरोबरचा वाटाड्या त्याच खोऱ्यातील, पन्नाशीचा, शांत माणूस होता. तो थबकला, काठीने हिम टोचून पाहिले, हाताने थोडे खणले आणि म्हणाला, "ऊपर पपड़ी, नीचे चीनी." दुसऱ्या दिवशी पहाटे नाळेच्या तोंडाशी त्याने पुन्हा खणले, तेथेही तेच. दोन दिवसांपूर्वी वर नवे हिम पडून गेले होते आणि वारा रात्रभर वाहत होता. वाटाड्या सहाही जणांकडे पाहून म्हणाला, "आप लोग कहें तो चलेंगे."

"तो स्वतः 'नको' का म्हणाला नाही?" मी विचारले.

"त्याची मजुरी आमच्यावर अवलंबून ना, काका! गिऱ्हाईक खट्टू झाले तर पुढच्या वर्षी येत नाही. 'नको' म्हणण्याची जबाबदारी त्याच्यावर टाकणे बरोबर नव्हते. सोबत्यांपैकी एकाने दोन वर्षांची रजा साठवून आणली होती. दुसरा म्हणाला, परतीचे तिकीट सांगल्याच्या बाजूने काढले आहे. सगळे माझ्याकडे पाहू लागले, कारण शिकून आलेली मी एकटीच होते. मी 'फिरू या' म्हटले. एक जण पुण्यास पोहोचेपर्यंत माझ्याशी बोलला नाही."

म्हणजे ज्या निर्णयाबद्दल मी तिला पंक्तीत मध्यम ठरविले, तो तिनेच, एकटीने, पाच जणांचा रोष पत्करून घेतला होता. विघ्नास भिऊन थांबणे निराळे, आणि विघ्न ओळखून सर्वांना थांबविणे निराळे. हा भेद भर्तृहरीच्या श्लोकात नाही, असे मी म्हणणार नाही. श्लोकास दोष कशाला? शिकविणाऱ्याने तो कधी विचारात घेतला नव्हता, एवढेच.

पण एवढ्यावरही माझे मन पुरते वळले नव्हते, हे कबूल केले पाहिजे. आठवड्याने तिच्या मोबाईलवर छायाचित्रे आली. त्यांच्यानंतर तीन दिवसांनी दुसरी एक तुकडी त्याच नाळेने चढून खिंड ओलांडून सुखरूप गेली होती. ती छायाचित्रे पाहताना माझ्या तोंडून निघून गेले, "मग काही झाले नाहीच की!"

तिने माझ्याकडे पाहिले आणि विचारले, "काका, परीक्षेत एखाद्या मुलाने रूप बरोबर लिहिले, पण सूत्र विचारल्यावर त्याला ते सांगता आले नाही, तर तुम्ही पुरे गुण देत होतात का?"

देत नव्हतो. अंदाजाने बरोबर आलेल्या उत्तरावर मी लाल शाईने प्रश्नचिन्ह काढीत असे. कारण तो मुलगा पुढच्या वेळीही अंदाजच करणार. डोंगरावर तर अधिकच कठीण प्रकार आहे. शंभर वेळा अंदाज बरोबर ठरला म्हणजे माणसाला वाटते की आपल्याला सूत्र कळले. आणि परत फिरलेल्या माणसाला, आपण फिरलो नसतो तर काय झाले असते, याचा पुरावा कधीच मिळत नाही. पोहोचणाऱ्याजवळ छायाचित्र असते. परतणाऱ्याजवळ दाखविण्यास काहीच नसते. आणि आमच्यासारखे घरचे लोक दाखविण्याजोगे काय आणले, तेच विचारतो.

हे सूत्र चुकले तर काय होते, याचे उदाहरण फार जुने नाही. उत्तरकाशीस १९६५ साली स्थापन झालेली नेहरू गिर्यारोहण संस्था आहे. तिच्या वरिष्ठ वर्गाची तुकडी ४ ऑक्टोबर २०२२ रोजी, ५,६७० मीटर उंचीच्या 'द्रौपदी का डांडा' या शिखराजवळ हिमस्खलनात सापडली आणि २९ जणांचा अंत झाला. त्यांत सविता कंसवाल ही प्रशिक्षिका होती. त्याच वर्षीच्या मे महिन्यात सोळा दिवसांच्या आत एव्हरेस्ट आणि मकालू ही दोन्ही शिखरे तिने गाठली होती. तो दिवस खंडेनवमीचा होता. आपण घरोघर अवजारांची पूजा करीत होतो, आणि तेथे फावडी घेऊन माणसे हिमात आपल्या सोबत्यांना शोधत होती. येथे कोणास दोष देण्याचा अधिकार माझ्यासारख्या घरबशास नाही. जाणत्यांच्याही पायांखालचा थर दिसत नसतो, आणि ऑक्टोबर महिना त्यास फार लवकरचा नसतो, एवढेच त्यातून घ्यावयाचे.

२०१४ सालच्या ऑक्टोबरातही असेच झाले. हुदहुद नावाचे चक्रीवादळ १२ तारखेस विशाखापट्टणमच्या किनाऱ्यावर आदळले. त्याचे ढग उत्तरेकडे सरकत दोन दिवसांनी नेपाळातील अन्नपूर्णेच्या परिसरात हिम होऊन कोसळले. ५,४१६ मीटर उंचीच्या थोरोंग खिंडीच्या आसपास व शेजारच्या डोंगरांत हिमवादळाने आणि हिमस्खलनांनी चाळीसहून अधिक माणसे दगावली. तो तेथील यात्रेचा ऐन हंगाम होता. बंगालच्या उपसागरातील वादळाची बातमी हिमालयात जाणाऱ्याने ऐकलीच पाहिजे, हे किती जणांस ठाऊक असेल!

'द्रौपदी का डांडा' हे नाव वाचले की मला महाप्रस्थानिकपर्व आठवते. पांडव हिमालय ओलांडून चालले असता प्रथम द्रौपदी पडली. भीमाने कारण विचारले; धर्मराजाने ते सांगितले, आणि मागे वळून न पाहता तो पुढे चालू लागला. मग एकेक करून सारे पडले. तो त्यांचा अखेरचा प्रवास होता, तेथे तोच धर्म असेल. आमच्या पुतणीच्या शास्त्रात नियम बरोबर उलटा आहे. संशयाचा उतार ओलांडणे भागच असेल तर एका वेळी एकानेच जावयाचे आणि बाकीच्यांनी सुरक्षित जागी थांबून त्याच्यावरून डोळा हालवावयाचा नाही. तो लोटात सापडला तर शेवटी कोठे दिसला, ती जागा मनात पक्की धरावयाची. कारण हिमाखाली गाडलेल्यांपैकी पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर काढलेले दहात नऊ वाचतात; पस्तीस मिनिटे उलटली की तिघांत एक वाचणेही कठीण होते. बहुतेकांचा अंत श्वास कोंडून होतो. एवढ्या वेळात हेलिकॉप्टर येत नाही, लष्कर येत नाही. वाचवू शकतात ते फक्त सोबती.

म्हणून सोबत्यांपैकी प्रत्येकाजवळ तीन वस्तू असाव्या लागतात: अंगावर बांधलेले, ४५७ किलोहर्ट्झवर संदेश देणारे व घेणारे एक लहान यंत्र, ज्यास बीकन म्हणतात, जोडून लांब होणारी टोचणसळई, आणि धातूचे फावडे. तिन्हींपैकी एक नसेल तर उरलेल्या दोहोंचा उपयोग फारसा नाही, आणि तिन्ही असून सराव नसेल तर तिन्हींचा नाही. नव्या हिमवृष्टीनंतर निदान एक-दोन दिवस उभ्या उतारांपासून दूर राहावे. साखरेचा थर खाली असेल तर मात्र तेवढ्याने भागत नाही. तो कित्येक आठवडे तसाच दबा धरून राहतो. उन्हाने हिम नरमण्यापूर्वी उतार ओलांडावा. ताजे लोट दिसले, पायांखाली धप्प आवाज आला, हिमात भेगा धावल्या, तर तेथून पुढे वाद घालू नये. आपल्याकडे या विषयाचा अभ्यास करणारी सरकारी संस्था १९६९ साली मनालीस सुरू झाली. २०२० पासून तिचे काम चंडीगढच्या संरक्षण भू-माहिती संशोधन संस्थेकडे आहे, आणि तेथून हिमस्खलनाच्या सूचना दिल्या जातात. धोक्याच्या पाच पायऱ्या सर्वत्र मानल्या जातात. चौथ्या-पाचव्या पायरीचे नाव ऐकताच माणसे घरी बसतात; मधल्या तिसऱ्या पायरीवर 'बघू या तरी' म्हणून निघतात, आणि मृत्यूंचा मोठा वाटा तिसऱ्या पायरीवरच पडतो.

हे सर्व समजून घेतल्यावर एका रात्री, पंक्तीत सर्वांची पाने वाढून झाली असता, मी उभा राहिलो. मुलांना वाटले श्लोक म्हणणार. मी म्हणालो, "कार्तिकात मी हिला मध्यम म्हटले ते चुकीचे होते. ते शब्द मी ज्या ठिकाणी उच्चारले त्याच ठिकाणी परत घेतो." एवढे बोलून मी बसलो. थोरले बंधू म्हणाले, "बरे, आता भात निवतो आहे." तिने मान वर केली नाही, पण आग्रहाने मला दुसऱ्यांदा तूप तिनेच वाढले.

पुढे भारवीचे किरातार्जुनीय उघडले. दुसऱ्या सर्गात उतावीळ झालेल्या भीमाला धर्मराज समजावतो की, विचार न करता कोणतेही काम करू नये; अविवेक हे आपत्तींचे मोठे स्थान आहे. हाही श्लोक मी पस्तीस वर्षे शिकविला होता. दोन्ही श्लोक एकाच वर्गात, एकाच तोंडाने शिकविले. पंक्तीत कोणता आठवावा हे मात्र माझ्या स्वभावाने ठरविले.

वाचकहो, तुमच्या घरचे कोणी अशा वाटेस निघाले तर त्यास अडवू नका. अडवून ती थांबत नाहीत, चोरून मात्र जातात. पण निघण्यापूर्वी चार प्रश्न अवश्य विचारा. तिन्ही साधने सर्वांजवळ आहेत काय आणि त्यांचा सराव केला आहे काय? हाताशी दोन दिवस अधिक आहेत काय, की परतीच्या तिकिटाने सारे बांधले आहे? एकाने 'नको' म्हटले तर सर्व फिरतील, असे आधी ठरले आहे काय? आणि ज्या वाटेने चढणार तिच्याविषयी त्या खोऱ्यातील माणसाला विचारले आहे काय? परत आल्यावर मात्र 'पोहोचलास का?' हा प्रश्न पहिला विचारू नका. जेवायला वाढा, पोहोचले असल्यास ती आपणहून सांगतीलच.

या ऑक्टोबरात ती पुन्हा रुपिनला निघाली आहे. सोबती बहुतेक तेच आहेत, तो न बोलणाराही. आठ दिवसांच्या वाटेस तिने अकरा दिवस धरले आहेत. काल रात्री माझ्या खोलीत येऊन कंपासपेटीतला कोनमापक मागून घेऊन गेली. उतार मोजण्याचे याहून चांगले साधन तिच्याजवळ आहे, हे मला ठाऊक आहे. तरी मी पेटी उघडून दिला, आणि दोऱ्याला बांधलेली ती सुपारीही दिली.